साउंडबॉक्स गप्प, गिऱ्हाईक म्हणतं पैसे कट झाले: काउंटरवर काय तपासायचं

"पैसे कट झालेत, मेसेजपण आलाय," असं गिऱ्हाईक म्हणतं आणि तुमचा साउंडबॉक्स, म्हणजे पैसे आले की बोलून सांगणारं यंत्र, मात्र गप्प. मागे चार माणसं खोळंबलेली, सामानाची पिशवी त्याच्या हातात, आणि बहुतेक वेळा दोघंही खरंच बोलत असतात. सांगलीत गणपती पेठेजवळ माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. त्यामुळे आसपासचे किराणावाले, मेडिकलवाले, भेळवाले हीच तक्रार घेऊन माझ्याकडे येतात. दर वेळी नव्याने सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकतो.

आधी एक गोष्ट पक्की करा. बॉक्स बोलला म्हणून पैसे मिळालेच असं नाही, आणि बोलला नाही म्हणून बुडाले असंही नाही. गिऱ्हाइकाच्या मोबाईलवरची हिरवी खूण तर धरूच नका. पैसे आले की नाही हे फक्त तुमच्या स्वतःच्या ॲपमधली किंवा बँकेतली जमा नोंद सांगते. बाकी सगळी चर्चा त्यानंतर.

पैसे मध्येच अडकतात कसे

गिऱ्हाइकाने पिन टाकला की त्याच्या ॲपकडून निरोप एनपीसीआयच्या, म्हणजे यूपीआय चालवणाऱ्या संस्थेच्या, यंत्रणेकडे जातो. ती यंत्रणा आधी गिऱ्हाइकाच्या बँकेला सांगते, एवढे पैसे वजा कर. तिकडून होकार आला की मग तुमच्या बँकेला सांगते, एवढे जमा कर. म्हणजे वजा आधी, जमा नंतर. या दोन पायऱ्यांच्या मधे कुठल्याही बँकेचा सर्व्हर ढेपाळला की व्यवहार लटकतो. ऑगस्ट २०२५ मध्ये यूपीआयवर महिन्याला २,००० कोटी व्यवहारांचा टप्पा पहिल्यांदा ओलांडला गेला. एवढ्या गर्दीत काही निरोप वाटेत अडकणारच.

कुठल्या पायरीवर अडकलं त्यावर पुढचं ठरतं. पहिल्याच पायरीवर फसलं तर पैसे गेलेलेच नसतात, किंवा वजा होऊन थोड्या वेळात परत येतात. दुसऱ्या पायरीवर तुमच्या बँकेने वेळेत उत्तर दिलं नाही, तर जास्त गोंधळ होतो. तेव्हा गिऱ्हाइकाच्या मोबाईलवर कधी 'सक्सेसफुल', कधी 'पेंडिंग' दिसतं, तुमच्याकडे काहीच दिसत नाही, आणि बँकांचे हिशेब जुळले की रक्कम एक तर तुमच्याकडे जमा होते नाही तर त्याच्याकडे परत जाते. अशा वेळी गिऱ्हाइकाला खोटं ठरवू नका. त्याच्या बाजूने पैसे खरंच गेलेले असतात.

साउंडबॉक्स या साखळीत कुठेच नाही. ते आत सिम असलेलं एक छोटं यंत्र आहे. पैसे आल्यावर पेमेंट कंपनीचा सर्व्हर त्याला निरोप पाठवतो आणि ते बोलतं. यंत्राला रेंज नाही मिळाली तर पैसे जमा होऊनही ते मुकं राहतं.

बॉक्स गप्प असेल तर

माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत सगळ्यात जास्त निघतं ते हे: काउंटरवर दोन-तीन कंपन्यांचे क्यूआर, आणि बॉक्स त्यातल्या एकाच कंपनीचा. गिऱ्हाईक हाताला जो जवळचा तोच स्कॅन करतं. परवा शेजारच्या किराणावाल्या काकांच्या काउंटरवर पाहिलं. काचेवर एक स्टिकर, वजनकाट्याला चिकटवलेला दुसरा, आणि अगरबत्तीच्या पुड्यांमागे कोपरे उचललेला तिसरा, ज्याचं ॲप काकांनी मोबाईलमधून कधीच काढून टाकलेलं. त्या तिसऱ्यावर आलेले पैसे थेट त्यांच्या बँक खात्यात पडत होते, आणि काका गिऱ्हाइकाशी हुज्जत घालत होते की आलेच नाहीत. बँकेचा मेसेज उघडून दाखवला तेव्हा रक्कम तिथेच होती.

उपाय साधा. काउंटरवर एकच क्यूआर ठेवा, ज्याचा बॉक्स आहे तोच. दुसरा ठेवायचाच असेल तर तो ड्रॉवरमध्ये राहू द्या आणि पहिला चालेनासा झाला की बाहेर काढा.

तसंच काही नेहमीची गिऱ्हाइकं स्कॅन करतच नाहीत. तुमचा मोबाईल नंबर त्यांच्याकडे सेव्ह असतो, त्यावरच पाठवतात. ते पैसे नंबराला जोडलेल्या खात्यात जातात, ते बहुतेक तुमचं घरचं खातं असतं, आणि बॉक्सला त्याचा पत्ताही नसतो. "कशावर पाठवलेत, स्कॅनरवर की नंबरवर?" हा प्रश्न सगळ्यात आधी विचारा. निम्मी भांडणं इथेच मिटतात.

यातलं काही नसेल तर मग यंत्राकडे वळा. चार्जिंग आहे का, आवाज कमी झालाय का, बंद करून चालू केल्यावर नेटवर्क लागल्याचं सांगतो का. लोखंडी कपाटाआड किंवा तळघरातल्या दुकानात ठेवलेला बॉक्स हमखास अडखळतो, तो दाराकडे सरकवा. भाडं थकलं की काही कंपन्या बॉक्स बंद करतात, तेही बघा. बॉक्स पुन्हा चालू झाल्यावर मागची राहिलेली रक्कम एकदम बोलून दाखवतो, तेव्हा ती नव्या गिऱ्हाइकाची समजू नका.

आणखी एक घोळ सेटलमेंटचा आहे. दुकानासाठीच्या क्यूआरवर आलेले पैसे बऱ्याचदा आधी पेमेंट कंपनीकडे जमतात आणि रात्री किंवा दुसऱ्या दिवशी एकगठ्ठा बँकेत येतात. ॲपमध्ये रक्कम आली आणि पासबुकात नाही, म्हणून घाबरून बँकेत जाणारे बरेच आहेत. ॲपमध्ये 'सेटलमेंट' असा भाग असतो, तिथे कुठला गठ्ठा कधी सुटला हे दिसतं.

गिऱ्हाइकाच्या मोबाईलवर काय दिसतंय

'फेल्ड' दिसत असेल तर कारण वाचायला सांगा, लोक वाचतच नाहीत. पिन तीनदा चुकला की बहुतेक बँका चोवीस तासांसाठी पिन बंद करतात. कालच नवा मोबाईल घेऊन ॲप नव्याने चालू केलं असेल तर पहिले २४ तास ₹५,००० पर्यंतच पाठवता येतं. मिक्सर घ्यायला आलेल्या माणसाचं पेमेंट पुन्हा पुन्हा फसतं ते यामुळे. बऱ्याच बँका दिवसाला साधारण २० व्यवहारांवर थांबवतात. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडून कोणी पैसे देत असेल तर ते दुकानाच्या क्यूआरवरच चालतं, तुमच्या वैयक्तिक क्यूआरवर नाही. असं गिऱ्हाईक रोज येत असेल तर दुकानाच्या नावाने व्यापारी खातं उघडा. साध्या यूपीआयवर जानेवारी २०२० पासून दुकानदाराला व्यवहार शुल्क नाही, त्यामुळे व्यापारी झालो की पैसे कापतील ही भीती बाळगण्याचं कारण नाही.

'पेंडिंग' किंवा 'प्रोसेसिंग' दिसत असेल तर लगेच दुसऱ्यांदा पाठवायला लावू नका. निम्म्याहून जास्त डबल पेमेंट या घाईतून होतात, आणि मग परत देण्याची कटकट तुमच्याच गळ्यात. दोन-तीन मिनिटं थांबा, तोवर मागच्या गिऱ्हाइकाचं बिल करा. सारखं सारखं 'चेक स्टेटस' दाबूनही उपयोग नाही. १२ एप्रिल २०२५ ला यूपीआय देशभर कोलमडलं होतं, त्याचं कारण बँकांकडून आलेला अशाच चौकशांचा लोंढा होता असं एनपीसीआयच्या तपासात निघालं. त्यानंतर एका व्यवहाराची चौकशी किती वेळा करायची यावर मर्यादा आली.

आणि 'सक्सेसफुल' दिसतंय पण तुमच्याकडे काहीच नाही, असं झालं तर व्यवहाराचा तपशील उघडायला लावा. तिथे १२ अंकी नंबर असतो, कुठे त्याला यूटीआर म्हणतात, कुठे यूपीआय रेफरन्स. तो नंबर, वेळ आणि पैसे ज्याला गेले त्याचं नाव, या तीन गोष्टी वहीत उतरवा. तुमच्या ॲपमध्ये तोच नंबर शोधा. नाव तुमचं नसेल तर तो पैसा दुसऱ्याच कोणाकडे गेलाय आणि विषय वेगळा आहे, त्यावर पुढे लिहिलंय.

मग माल द्यायचा की नाही? ओळखीचं माणूस आणि दीडशे रुपयांचं सामान असेल तर जाऊ द्या, यूटीआर लिहून घ्या, दुसऱ्या दिवशी बघू. दोन हजारांच्या वर आणि अनोळखी माणूस असेल तर शांतपणे सांगा की पैसे माझ्याकडे दिसल्यावर माल देतो, नाही तर दुसऱ्या बँकेवरून किंवा रोख द्या. नंतर पहिले आले तर परत करतो, हेही सांगा आणि खरंच करा. परत करताना व्यापारी ॲपमधला 'रिफंड' वापरा, म्हणजे ज्या खात्यातून आले तिथेच जातील. फोनवर कोणी सांगितलेल्या दुसऱ्याच नंबरवर कधीच पाठवू नका.

अडकलेले पैसे किती दिवसांत

यावर रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक आहे आणि गिऱ्हाइकाला हे सांगितलं की त्याचा पारा उतरतो. दुकानात पैसे देताना खात्यातून वजा झाले पण दुकानाकडे पुष्टी आली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते आपोआप परत जायला हवेत. त्यापुढे बँकेने दर दिवशी ₹१०० भरपाई द्यायची असते, आणि तीही ग्राहकाने न मागता. वैयक्तिक खात्यावर पाठवलेल्या पैशांसाठी हीच मुदत एक दिवसाची आहे. बँका ही भरपाई हसत हसत देतात असं नाही, पण परिपत्रकाची तारीख तक्रारीत लिहिली की उत्तर पटकन येतं.

आधी तक्रार ॲपमध्ये त्या व्यवहारावर जाऊन, मग बँकेकडे. तीस दिवसांत उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. ते ऑनलाइन होतं, फुकट आहे, आणि माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. एक लक्षात घ्या, ज्याच्या खात्यातून पैसे गेले तक्रार त्यानेच करायची. तुम्ही दुकानदार म्हणून फक्त "रक्कम जमा नाही" एवढं सांगू शकता, त्यामुळे गिऱ्हाइकावर ओरडण्यापेक्षा त्याला ॲपमधला तक्रारीचा भाग उघडून द्या.

खोटा स्क्रीनशॉट, खोटं ॲप

आता ज्यात गिऱ्हाईक खरं बोलत नसतं ते प्रकार. हुबेहूब पेमेंट ॲपसारखी दिसणारी खोटी ॲप फिरतात. त्यात दुकानाचं नाव आणि रक्कम टाकली की हिरवी खूण, टिंग असा आवाज, सगळं येतं. पैसा मात्र एकही हलत नाही. हे लोक संध्याकाळी सात ते नऊ, गर्दीच्या वेळी येतात, स्क्रीन लांबून दाखवतात आणि "झालं काका" म्हणून निघतात. त्यामुळे काउंटरवरच्या पोराला एकच नियम शिकवा: बॉक्स बोलला नाही तर आपल्या मोबाईलमध्ये बघायचं, त्याच्या मोबाईलमध्ये नाही. मालकाचा मोबाईल मालकाच्या खिशात आणि दुकानात फक्त पोरगं, अशी सोय असेल तर फसवणूक होणारच. व्यापारी ॲपमध्ये नोकराला फक्त जमा रक्कम दिसेल असं लॉगिन देता येतं, ते देऊन टाका.

गिऱ्हाइकाला थांबवताना भाषा मात्र जपा. "दाखवा बघू खरं आहे का" म्हटलं की प्रामाणिक माणूस कायमचा तुटतो. "आमचं नेट जरा स्लो आहे, दोन मिनिटं बसा" म्हटलं की काम होतं आणि चोर असेल तर तो बसत नाही.

आपल्याच दुकानात दुसऱ्याचा क्यूआर

जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशात खजुराहोला कोणीतरी रात्रीतून पेट्रोल पंप आणि काही दुकानांबाहेरच्या क्यूआरवर आपले स्टिकर चिकटवले. दुसऱ्या दिवशी एका मेडिकलच्या मालकिणीला गिऱ्हाइकांनीच सांगितलं की स्कॅन केल्यावर नाव वेगळं येतंय, तेव्हा कळलं. अशा वेळी बॉक्स बोलत नाही, गिऱ्हाइकाकडे 'सक्सेसफुल' येतं आणि दोघंही एकमेकांना खोटं समजतात.

म्हणून शटर उघडल्यावर आपल्याच क्यूआरवर घरच्या दुसऱ्या मोबाईलवरून एक रुपया पाठवा. बॉक्स चालू आहे की नाही, तेही त्यातच कळतं. क्यूआर काचेच्या आतून लावा, बाहेरून नको. रात्री दुकानाबाहेर राहणारा स्टँड आत घ्या. हातगाडीवाल्यांनी तर लॅमिनेट करून गळ्यात किंवा गल्ल्यावर ठेवावा.

३० जून २०२५ पासून ॲपना पैसे घेणाऱ्याचं बँकेत नोंदलेलं नावच दाखवावं लागतं, कोणी मोबाईलमध्ये सेव्ह केलेलं टोपणनाव नाही. हे चांगलं झालं, पण त्यातून नवी अडचण आली. पाटीवर 'श्री गणेश किराणा' आणि स्कॅनवर मालकाच्या पत्नीचं नाव, मग गिऱ्हाईक बिचकतं. क्यूआरखाली ठळक अक्षरात लिहून ठेवा की पैसे अमुक नावाने जातील. खातं बायकोच्या नावावर असण्यात वावगं काही नाही, फक्त ते लपवू नका.

पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही

हे वाक्य सगळ्यांना पाठ आहे आणि तरी लोक फसतात, कारण फसवणारा पिन मागतच नाही. "आर्मी कॅन्टीनमधून बोलतोय, पन्नास किलो लाडू हवेत, आमच्याकडे ॲडव्हान्स द्यायची वेगळी पद्धत आहे, हा क्यूआर स्कॅन करा." स्कॅन केलं, रक्कम दिसली, पिन टाकला, पैसे गेले. क्यूआर आलेला असो वा लिंक, पिन टाकायची वेळ आली म्हणजे पैसे तुमच्याकडून जाणार आहेत. व्यक्तीकडून व्यक्तीला पैसे मागण्याची 'कलेक्ट रिक्वेस्ट' १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली, त्यामुळे एक वाट बुजली. क्यूआरची वाट अजून उघडी आहे.

दुसरा प्रकार: "चुकून तीनशेऐवजी तीन हजार गेले, परत करा." मेसेजही येतो, पण तो बँकेचा नसून साध्या मोबाईल नंबरावरून आलेला असतो. आधी खात्यात बघा. खरंच आले असतील तर रिफंडमधून परत करा.

तिसरा प्रकार म्हणजे बॉक्सवाल्या कंपनीचा माणूस म्हणून कोणीतरी येतो, भाडं कमी करून देतो म्हणतो, तुमचा मोबाईल हातात मागतो. मोबाईल द्यायचा नाही. डेबिट कार्ड आणि ओटीपी तर लांबच. त्याला सांगा तू सांग, मी दाबतो.

पैसे गेलेच तर वेळ घालवू नका. १९३० ला फोन करा किंवा केंद्र सरकारच्या सायबरक्राइम पोर्टलवर तक्रार टाका, आणि बँकेलाही लेखी कळवा. पहिल्या तासा-दोन तासांत पैसे पुढच्या खात्यात अडवले जाण्याची शक्यता असते. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या नियमानुसार तुमची चूक नसलेल्या तिसऱ्याच कुणाच्या कारस्थानात तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर तुमची जबाबदारी शून्य. पण पिन किंवा ओटीपी तुम्हीच दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं.

बँकेचा सर्व्हर डाऊन, रेंज नाही

रेंज आहे पण गिऱ्हाइकाची बँक अडखळते, अशा वेळी यूपीआय लाइट उपयोगी पडतं. त्यात पैसे आधी मोबाईलमध्ये भरून ठेवलेले असतात, ₹१,००० पर्यंत पिनशिवाय जातात आणि शिल्लक जास्तीत जास्त ₹५,००० ठेवता येते. चहा-वडापावची गाडी असेल तर गिऱ्हाइकांना हेच सुचवा, बँकेच्या मेसेजांचा रतीबही थांबतो. इंटरनेट बंद पण फोन लागतोय, तर *९९# डायल करून पैसे पाठवता येतात, फक्त गर्दीत कोणी एवढे आकडे दाबत बसत नाही. तळघरातल्या दुकानदाराने सरळ वायफाय घ्यावं आणि पासवर्ड काउंटरवर चिकटवावा.

काही जण या कटकटीला वैतागून 'फक्त रोख'ची पाटी लावतात. जुलै २०२५ मध्ये बंगळुरूत यूपीआयची उलाढाल पाहून छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या, तेव्हा तिथे गल्लोगल्ली अशा पाट्या लागल्या होत्या. माझं मत विचाराल तर रोख घेतल्याने करपात्र उलाढाल कमी होत नाही, फक्त गिऱ्हाईक शेजारी जातं. सीएला भेटा.

खातं अचानक गोठलं तर

हा प्रकार वाढतोय आणि याची कोणाला कल्पना नसते. कोणाला तरी फसवून आणलेल्या पैशातून चोर तुमच्याकडे मोबाईल किंवा सोन्याची अंगठी घेतो. पैसे गेलेल्या माणसाने तक्रार केली की पैशाचा माग काढत पोलीस तुमच्या खात्यापर्यंत येतात आणि बँक रक्कम किंवा अख्खं खातं अडवते. दुसऱ्या राज्यातल्या पोलिसांचं नाव दिसलं की माणसाच्या तोंडचं पाणी पळतं.

शाखेत जाऊन तीन गोष्टी लेखी मागा: तक्रारीचा पोचक्रमांक, कुठल्या सायबर पोलिसांकडून आली, आणि वादातली रक्कम किती. मग त्या दिवसाचं बिल, स्टॉकची नोंद आणि असेल तर सीसीटीव्हीची क्लिप घेऊन त्या ठाण्याला ईमेल करा, प्रत बँकेला. अख्खं खातं बंद न ठेवता फक्त वादातल्या रकमेवर होल्ड ठेवा, अशी विनंती त्याच पत्रात करा. पोलिसांशी तोडीपाणी करून देतो म्हणणारा एजंट भेटला तर त्याच्यापासून लांब राहा. आणि दुकानाचं करंट खातं वेगळं ठेवा, घरखर्चाचं आणि पोरांच्या फीचं वेगळं. खातं अडकलं तरी त्या महिन्याचा किराणा भरता आला पाहिजे. सीसीटीव्ही असेल तर रेकॉर्डिंग किती दिवस राहतं ते आजच बघून घ्या, बहुतेकांच्या यंत्रात पंधरवड्यात जुनं पुसलं जातं आणि होल्डची बातमी त्यानंतर येते.